भाजी पिकवायला शिकवणार कोण?

गेल्या वर्षी एप्रिलमधल्या एका रविवारी बाराशे रुपये भरून मी 'घरच्या घरी भाजी पिकवा' अशा एका कार्यशाळेला गेले होते. वातानुकूलित सभागृह, चाळीसेक माणसं, समोर पडदा. दीड तास चित्रफिती आणि अर्धा तास शंकासमाधान. निघताना प्रत्येकाच्या हातात एक संच दिला: पाच ग्रो बॅग, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट, गांडूळखताची पिशवी, बियांची सहा पाकिटं आणि कडुनिंबाच्या तेलाची बाटली. त्या दोन तासांत आमच्यापैकी एकाच्याही हाताला माती लागली नाही.

घरी येऊन मी उत्साहानं सगळं पेरलं. पालक पाचव्या दिवशी वर आला आणि पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत आडवा झाला. कोकोपीट वरून कोरडं दिसतं, आत मात्र ओलं असतं. हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी पाणी घालत राहिले आणि वांग्याची रोपं बुडातून कुजून कोलमडली. कार्यशाळेचा व्हॉट्सॲप गट होता. पहिले दहा दिवस त्यावर कोंबांचे फोटो आले, मग पिवळ्या पानांचे फोटो आणि त्याखाली प्रश्न, पुढे प्रश्नही थांबले. जूनपर्यंत चाळिसांपैकी तिघांकडे काहीतरी हिरवं उरलं होतं. बाकीच्यांनी एकमेकांना एकच वाक्य सांगितलं, मीही सांगितलं: 'आपल्या हाताला झाड लागत नाही.'

या वाक्याविरुद्ध मला लिहायचं आहे. चाळिसातल्या सदतीस जणांच्या हाताला झाड लागत नसेल, तर खोट हातांत नाही, शिकवण्याच्या पद्धतीत आहे.

भाजी काय दोन तासांत शिकायची गोष्ट आहे? मेथी पेरल्यापासून काढणीपर्यंत पंचवीस-तीस दिवस जातात. वांग्याचं रोपच महिनाभर वाफ्यात वाढतं, मग ते लावायचं, आणि पहिलं वांगं हातात यायला त्यापुढे आणखी दोन महिने. शिकणाऱ्याला खरे प्रश्न पडतात ते बाराव्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी, पानाच्या पाठीमागे मावा ही कीड दिसते त्या सकाळी. त्या वेळी शेजारी कुणी जाणतं माणूस हवं. पण कार्यशाळा तर कधीच संपलेली असते. शिवाय ती भरवली होती एप्रिलमध्ये, लोकांना सुट्ट्या असतात म्हणून. शेतकऱ्याच्या घरातलं पोरही सांगेल की शिकाऊ माणसाला पालकाचं बी एप्रिलमध्ये देऊ नये.

मृगाला मी पुन्हा सुरुवात केली, या वेळी एकच पीक. एका जुन्या ड्रममध्ये दुधी लावला. वेल गच्चीच्या कठड्यावरून सुरेख पसरला. जुलैच्या अखेरीला फुलं आली, मागे इवलासा दुधी असलेली मादी फुलंही आली. पण चार दिवसांत तो इवला दुधी पिवळा पडून गळायचा. असे अकरा गळले. कार्यशाळेत सांगितलं होतं की मधमाश्या नसतील तर सकाळी नर फुलाचा पराग मादी फुलाला लावावा. म्हणून मी रोज दहाच्या सुमारास गच्चीवर जायची आणि फुलं कोमेजलेली पाहून परत यायची.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी एकदा माझ्यामागे गच्चीवर आल्या. त्यांनी वेलाकडे पाहिलं, एक पान उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, उन्हं वर आल्यावर काय बघताय? दुध्या भोपळा दिवस मावळताना फुलतो. लाल भोपळ्याचं फूल सकाळचं, ह्याचं रातचं." त्या दिवशी काम उरकून जाताना त्या पुन्हा वर आल्या. सात वाजले होते. पांढरी फुलं नुकती उघडली होती, अगदी कागदासारखी. मावशींनी नर फूल देठासकट खुडलं, पाकळ्या मागे दुमडल्या आणि मादी फुलाच्या मधोमध ते हलकेच फिरवलं, गालाला पावडर लावावी तसं. "दोडक्याचं फूलबी असंच असतं बघा, सांजचं. कारलं, काकडी सकाळी." तिसऱ्या दिवशी तो दुधी गळला नव्हता. पंधराव्या दिवशी आम्ही तो काढला.

मावशी लातूर जिल्ह्यातल्या. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या दुष्काळात त्यांनी गाव सोडलं. त्याआधी वीस वर्षं घरची दोन एकर आणि दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी. माझ्या घरी त्या सात वर्षं येत आहेत आणि या सात वर्षांत त्यांना शेतीबद्दल मी एक प्रश्न विचारला नव्हता. बाराशे रुपये भरून मी पडद्यासमोर बसले होते, आणि मला हवं ते माहीत असलेलं माणूस रोज माझ्या ओट्यापाशी उभं होतं. याची मला आजही लाज वाटते.

पण ही एकट्या माझी गोष्ट नाही, म्हणून तर तिला सार्वजनिक प्रश्न म्हणते. पुण्यात, मुंबईत, ठाण्यात, नाशकात लाखो माणसं शेती सोडून आलेली आहेत. आपल्या इमारतीचा सुरक्षारक्षक, बांधकामावर वाळू चाळणारी बाई, सोसायटीचा माळी, रिक्षाचालक. बी कधी टाकायचं, पाऊस लांबला तर काय करायचं, कुठली अळी हातानं वेचून भागतं आणि कुठल्या अळीला निंबोळी अर्क फवारावा लागतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. शहरात आल्यावर त्यांच्या हातांना काम मिळालं, पण त्यांच्या डोक्यातल्या विद्येला कुणी विचारलं नाही. शहरी शेतीच्या चळवळीत पहिली दुरुस्ती हवी ती इथे. शिकवणारी माणसं बाहेरून आणायची गरज नाही. ती इथेच आहेत, त्यांना शिक्षक म्हणून उभं करायला हवं आणि त्याचे पैसे द्यायला हवेत.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच तत्त्वावर, की शेतकऱ्यानं प्रयोग करावा, पडताळावा आणि दुसऱ्या शेतकऱ्याला सांगावा. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार एकमेकांच्या बागा पाहून, एकमेकांना विचारून शिकले. शहराच्या गच्चीवर थोडक्या जागेत, पालापाचोळ्यातून माती तयार करून भाजी घेण्याचा विचारही दाभोलकरांनी मांडला होता. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून बाग उभी केली, तिची सुरुवातही स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं काय करायचं या प्रश्नातून झाली. ती बाग टिकली याचं कारण मला साधं वाटतं. तिथे रोज कचरा होता, रोज हात होते, आणि शिकायला येणारा माणूस झाडापाशी उभा राहून शिकत होता.

या चळवळीतल्या एका दाव्यापासून मात्र मला दूर राहायचं आहे. 'घरची भाजी घरीच पिकवा, बाजारातून आणायची गरजच नाही' हे खरं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेप्रमाणे प्रौढ माणसाच्या ताटात दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाजी असावी. चार माणसांच्या घराला रोज दीड किलोच्या वर, वर्षाला साडेपाचशे किलोहून जास्त. वीस कुंड्यांतून ती येत नाही. ज्यांना तसं सांगितलं जातं ते तीन महिन्यांत निराश होतात आणि कुंड्या जिन्याखाली जातात. आणि शहरातल्या लोकांनी भाजी लावली तर शेतकऱ्याच्या पोटावर पाय येईल, ही भीतीही याच हिशेबानं निकाली निघते.

मग करायचं कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर टोमॅटोनं दिलं. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो दीडशे-दोनशे रुपये किलो झाला तेव्हा घराघरांत, कचेऱ्यांत, वाहिन्यांवर दुसरा विषय नव्हता. त्याच टोमॅटोला बाजार समितीत दोन-तीन रुपये भाव मिळतो आणि शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओततो, तेव्हा आपल्या घरात त्यावर एक वाक्यही बोललं जात नाही. मी स्वतः टोमॅटोची सहा झाडं लावली. रोप लावल्यापासून दोन महिने राखलं, काठीला बांधलं, खालची पानं काढली, आणि ऐन फुलोऱ्यात सलग चार दिवस पाऊस लागला. निम्मी फुलं झडली, उरलेल्या फळांपैकी काहींत अळी निघाली. शेवटी पावणेदोन किलो टोमॅटो मिळाले. त्यानंतर मंडईत भाजीवाल्या काकांशी पाच रुपयांसाठी घासाघीस करायला माझी जीभ रेटली नाही. शहरातल्या ज्या लोकांच्या बोलण्यानं भाजीच्या आयात-निर्यातीची धोरणं बदलतात, त्यांनी आयुष्यात एकदा तरी एक झाड फुलोऱ्यापासून फळापर्यंत नेलेलं असावं. किलोंचा हिशेब मग दुय्यम ठरतो.

आणि त्यासाठी सामाईक जागा हवी. एकट्याच्या गच्चीनं हे भागत नाही, आणि याचं एक अगदी भौतिक कारण आहे. माणसांच्या वावराची गच्ची भारतीय मानकांप्रमाणे साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो जादा भार धरून बांधलेली असते. एक फूट खोलीचा ओल्या मातीचा वाफा चौरस मीटरला पाचशे किलोंच्या आसपास भरतो. कार्यशाळेत हे कुणी बोललं नाही. पालापाचोळा, उसाचं चिपाड, कंपोस्ट असं हलकं भरण वापरलं तर गच्चीवर भाजी होते, पण ते समजून करावं लागतं. जुन्या इमारतीत गळतीचा धोका असतो, सोसायटीची परवानगी लागते, भाडेकरूला ती मिळत नाही. आणि ज्या मावशींनी मला दुधी शिकवला, त्यांच्या वस्तीतल्या घराला गच्चीच नाही, पत्रा आहे. गच्ची असणाऱ्यांपुरतीच ही विद्या राहिली तर जिच्याकडे ती मुळात आहे तिलाच तिथे जागा नाही, असं होईल.

जगात हे प्रश्न कुणी सोडवले नाहीत असं नाही. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्यानं स्थानिक संस्थेवर भाजीच्या वाफ्यांसाठी जागा देण्याची जबाबदारी टाकली. सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर तिचा विचार करणं कौन्सिलला बंधनकारक आहे. सोविएत संघ कोसळल्यावर क्युबात इंधन आणि खतं मिळेनाशी झाली, तेव्हा हवानातल्या मोकळ्या जागांवर वाफे उभे राहिले. तिथल्या सरकारनं जागांबरोबर वाफ्यांवर फिरून सल्ला देणारी माणसंही दिली, आणि माझ्या मते महत्त्वाचं तेच होतं. आपल्याच देशात, केरळात १९८७ पासून प्रत्येक स्थानिक संस्थेच्या हद्दीत कृषी भवन आहे. शहरातला माणूसही तिथे जाऊन बी आणि ग्रो बॅग मागू शकतो, पानावर डाग का पडले ते विचारू शकतो. महाराष्ट्रात कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) गावात असतो, माझ्या प्रभागात तो मी कधी पाहिलेला नाही.

जागा नाही हे उत्तर मला पटत नाही. पुणे महापालिकेची दोनशेच्या आसपास उद्यानं आहेत. त्यांतल्या बऱ्याच उद्यानांत लॉनचा मोठा तुकडा 'आत जाऊ नये' अशा पाटीमागे असतो आणि उन्हाळ्यातही त्याला पाणी पाजलं जातं. त्यातला एक कोपरा भाजीला दिला तर पाणी वाढणार नाही, वाचण्याचीच शक्यता जास्त. महापालिकेच्या शाळांना मैदानं आहेत. बांधकाम आराखड्यांतून महापालिकेच्या ताब्यात आलेली सुविधा क्षेत्रं आहेत. २०२१ साली ती दीर्घ मुदतीच्या भाडेकरारानं देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा शहरात मोठा विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत मीही होते. पण जागा देऊ नका म्हणून आपण थांबलो, तिथे काय करा हे ठामपणे सांगितलं नाही.

खताचा प्रश्न तर उलटाच आहे, आपल्याकडे ते जास्त होतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो जागेवर जिरवायला सांगितलं होतं. पुण्यात गांडूळखत, सौर ऊर्जा, पर्जन्य जलसंचय केल्यास मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत मिळते. तरी मी पाहिलेल्या निम्म्या सोसायट्यांत खताचा हौद बंद आहे. त्याचं कारण विचारलं तर सगळीकडे एकच ऐकायला मिळतं: 'झालेल्या खताचं करायचं काय?' चार शोभेच्या झाडांना किती खत घालणार? हिवाळ्यात तर फुटपाथवर झाडलेला पालापाचोळा सर्रास पेटवला जातो. पुण्यातच 'ब्राऊन लीफ' हा उपक्रम पानं असणाऱ्यांची आणि पानं हवी असणाऱ्यांची गाठ घालून देतो आहे. प्रभागात भाजीची एक बाग असेल तर त्या हौदांना आणि त्या पानांना जवळच ठिकाण मिळेल. उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं या शहराचा कचरा सोसला आहे, तेव्हा हे आपण त्यांचं देणं लागतो.

आक्षेप घेणारे घेतील, आणि त्यातले काही खरे आहेत. सार्वजनिक जागेवर भाजी कुणाची? चार ओळखीची माणसं वाफे बळकावतील, हा धोका मला खरा वाटतो, कारण ज्येष्ठ नागरिक कट्ट्यांचं, हास्यक्लबांचं असं झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून वाफा कायमचा द्यायचाच नाही. जून ते ऑक्टोबर एक गट, नोव्हेंबर ते मार्च दुसरा, आणि प्रत्येक गटात निम्मी नावं आसपासच्या वस्तीतली. चोरी होईल? होईल. दोन वांगी कुणी नेली तर कुणीतरी खाल्ली. त्यापेक्षा गंभीर गोष्ट पाण्याची. रेल्वेमार्गालगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक मुंबईकरांनी वर्षानुवर्षं पाहिला आहे, आणि तो खाणाऱ्याच्या पोटात काय जातं याची काळजी रास्त आहे. तेव्हा बागेचं पाणी कुठून येतं आणि त्या जागेवर पूर्वी काय टाकलं जात होतं, हे तपासल्याशिवाय पेरू नये. राडारोड्याच्या भरावावर थेट पेरणी तर नकोच, तिथे वाफे वर उचलून भरावे लागतील. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचून डासांची पैदास होते, हा आरोग्य खात्याचा आक्षेपही बरोबर आहे. जमिनीतल्या वाफ्यात तो प्रश्नच येत नाही.

मानधनाबद्दल मी आडपडदा न ठेवता लिहिते, कारण चांगल्या कामात पैशाचं नाव काढलं की आपल्याकडे वातावरण गढूळ होतं. मावशींना मी विचारलं, 'तुम्ही आठवड्यातून दोन सकाळी बागेत याल का शिकवायला?' त्या हसल्या. "यीन की. पण दोन घरची कामं बुडतील ना ताई." म्हणजे त्या दोन घरांत मिळतं त्यापेक्षा जास्त त्यांना इथे मिळायला हवं. स्वयंसेवा ही पगार किंवा पेन्शन असलेल्यांना परवडते. पाच महिन्यांचा हंगाम, आठवड्याला दोन सकाळी, दोन शिक्षिका. प्रभागाच्या खर्चात ही रक्कम शोधावी लागेल, पण फार नाही. एका रस्त्याच्या दुभाजकावर शोभेची झाडं लावून वाळवायला याहून जास्त लागतात.

आमच्या भागातल्या शाळेमागे अठरा मीटर बाय अकरा मीटरची जागा आहे. आम्ही ती टेपनं मोजली. तिला दुपारी तीनपर्यंत ऊन मिळतं, नळ आहे, आणि लागूनच तीन सोसायट्यांचे खताचे हौद आहेत. अर्ज लिहून झालाय. त्यावर बावीस सह्या आहेत, पैकी नऊ वस्तीतल्या. शिकवणाऱ्यांच्या नावांत पहिलं नाव मावशींचं आहे. यंदाच्या काटेरी वांग्यांतली दोन त्यांनी झाडावरच पिवळी होऊ दिली, बी धुऊन राखेत घोळलं आणि बाटलीत भरून माझ्याकडे ठेवायला दिलं. रोहिणी नक्षत्र मेच्या शेवटच्या आठवड्यात लागतं. त्याआधी परवानगी मिळाली तर वांग्याचं रोप वेळेवर टाकता येईल.